चिखलातला हिशेब

पूर ओसरला की माणूस आधी फावडं हातात घेतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत सगळे तेच करत होते. २२ तारखेला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारात शिरलं आणि २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेली माणसंही हबकली. पाणी उतरल्यावर उरला तो गुडघाभर चिखल, त्याचा कुबट वास आणि दुकानादुकानांतून बाहेर ओढलेल्या मालाचे ढीग. नगरपरिषदेच्या गाड्या येत, ढीग उचलून नेत. रोगराईच्या भीतीने ते आवश्यकच होतं. पण विम्याच्या दृष्टीने त्या ढिगाबरोबर पुरावाही निघून जात होता.

माझ्या मावसभावाचं तिथे कापडाचं दुकान आहे. मदतीला म्हणून गेलो आणि त्याच्या विम्याचा दावा उभा राहताना जवळून पाहिला. पुण्यातले एक निवृत्त विमा सर्व्हेअर ओळखीतून मदतीला तयार झाले. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. महामार्गावरच्या वाशिष्ठीच्या पुलाचा भाग खचला होता, रस्ते धड नव्हते, त्यामुळे त्यांचं पहिलं मार्गदर्शन फोनवरच झालं. "शेठ, एकही तागा बाहेर टाकायच्या आधी व्हिडिओ काढा. भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं होतं ती रेघ दिसली पाहिजे, आणि त्याच फ्रेममध्ये दुकानाची पाटी."

नंतरचं काम त्यांनी शांतपणे लावून दिलं. विमा कंपनीला ईमेल गेली: नुकसान झालं आहे, सर्व्हेअर पाठवा, माल कुजतो आहे, अमुक तारखेनंतर तो ठेवता येणार नाही. साड्या, ड्रेस मटेरियल, शर्टिंग-सूटिंग, चादरी असे गट पाडले. प्रत्येक गटाची मोजणी एका वहीत झाली, प्रत्येक पानावर शेजारच्या दुकानदाराची साक्षीदार म्हणून सही घेतली. प्रत्येक गटातले दोन-तीन नमुने वाळवून पिशवीत बांधून ठेवले. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घेतली. पॉलिसीचा कागद भिजून लगदा झाला होता. तिची प्रत बँकेत मिळाली, कारण कॅश क्रेडिटसाठी दुकानातला माल बँकेकडे तारण होता.

भारतात ठरावीक रकमेपुढच्या नुकसानीचं मूल्यांकन परवानाधारक सर्व्हेअरकडून करून घेणं १९३८ च्या विमा कायद्याने बंधनकारक आहे. त्याला परवाना विमा नियामक देतो. त्याची फी कंपनी भरत असली तरी त्याने तटस्थ राहावं अशी अपेक्षा असते. छोट्या दुकानदाराच्या बाजूने बोलणारा मात्र या रचनेत सहसा कुणी नसतो. एजंट पॉलिसी विकून मोकळा झालेला असतो. अमेरिकेत विमेदाराच्या वतीने दावा मांडणाऱ्यांना बहुतेक राज्यांत वेगळा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे हे काम अनेकदा निवृत्त सर्व्हेअर, सीए आणि स्वतःला क्लेम कन्सल्टंट म्हणवणारी माणसं करतात. त्यांत जाणकार आहेत, आणि घाबरलेल्या माणसाला हेरून टक्केवारी मागणारेही आहेत.

काका प्रत्यक्ष आले तेव्हा मालाकडे त्यांनी थोडा वेळच पाहिलं. बाकी सगळा वेळ ते कागदात होते. दुकानातला संगणक बुडाला होता. पण जीएसटीची विवरणपत्रं सरकारी पोर्टलवर शाबूत होती, आणि सीएच्या ऑफिसात ३१ मार्चचा ताळेबंद होता. सुरत, इचलकरंजी आणि मुंबईच्या मंगलदास मार्केटमधल्या व्यापाऱ्यांनी बिलांच्या दुसऱ्या प्रती पाठवल्या. पुराच्या आदल्या दिवशी दुकानात किती माल होता, हे त्यातून उभं करायचं होतं. पद्धत साधी आहे: वर्षाच्या सुरुवातीचा साठा, त्यात नंतरची खरेदी मिळवायची आणि विकलेल्या मालाची खरेदी किंमत वजा करायची.

आकडे सोपे करून सांगतो. सुरुवातीचा साठा १८ लाख, खरेदी ६ लाख, विक्री ५ लाख. नफ्याचं प्रमाण २० टक्के धरलं तर विकलेला माल ४ लाखांचा, म्हणजे दुकानात २० लाखांचा माल असणार. कंपनीच्या सर्व्हेअरने नफा १२ टक्के धरला होता, कारण २०२०-२१ च्या हिशेबात तेवढाच दिसत होता. ते वर्ष कोरोनाचं होतं, माल सवलतीत काढावा लागला होता. काकांनी आधीच्या वर्षांचे ताळेबंद आणि एप्रिलनंतरची विक्रीची बिलं समोर ठेवली. तेवढ्या एका टक्केवारीने ४० हजारांचा फरक पडत होता.

दुसरी शंका जास्त अवघड होती. एवढ्या छोट्या दुकानात इतका माल पडून कसा? सर्व्हेअरला तो जुना, न खपणारा माल वाटत होता. काकांनी बिलं तारखांप्रमाणे लावली. बराचसा माल लग्नसराईसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलेला होता, आणि एप्रिलपासून टाळेबंदीच्या निर्बंधांत कापडाची दुकानं बराच काळ बंद होती. माल जुना नव्हता, विकायला पुरेसे दिवसच मिळाले नव्हते. हे दुकानदाराला मनातून माहीत होतं, पण त्याने ते सांगितलं असतं तर गाऱ्हाणं वाटलं असतं. तारखांच्या क्रमाने मांडल्यावर ते सर्व्हेअरने मान्य केलं. कपात खरोखर जुन्या असलेल्या गठ्ठ्यांपुरतीच राहिली.

बँकेला दिलेल्या जूनच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये साठा २० लाखांहून जास्त दाखवला होता. असे दोन आकडे एकमेकांसमोर आले की दाव्यावर संशयाची सावली पडते. इथे बँकेकडचा आकडा विक्रीच्या दराने काढलेला होता. काकांनी दोन्ही आकड्यांचा मेळ घालणारं एकपानी पत्रक स्वतः होऊन दिलं, विचारणा व्हायची वाट पाहिली नाही.

पोटमाळ्यावर दोन लाखांचा माल कोरडा राहिला होता. भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "काका, तोही धरू या ना. सगळेच धरतायत." काकांनी पेन खाली ठेवलं. "शेठ, त्या दोन लाखांपायी उरलेल्या अठरा लाखांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि मीही सही करणार नाही." त्या बाजारात जवळपास सगळं गमावलेल्या माणसाला हे ऐकवणं सोपं नव्हतं. पण त्यांच्या मदतीची खरी किंमत मला इथे कळली. कंपनीशी भांडण्याइतकंच, आपल्याच माणसाला खरेपणावर धरून ठेवणं हेही त्यांचं काम होतं.

भिजलेला माल १८ लाखांचा. जुन्या मालावरची कपात आणि भिजल्या कापडाची भंगार किंमत मिळून २ लाख गेले, राहिले १६. पण विमा उतरवला होता १५ लाखांचा आणि दुकानात माल होता २० लाखांचा. जुन्या फायर पॉलिसीतल्या अ‍ॅव्हरेजच्या अटीप्रमाणे जितका विमा कमी तितकी भरपाईही त्याच प्रमाणात कमी, म्हणून १६ चे झाले १२. त्याच पॉलिसीप्रमाणे पूर-वादळाच्या दाव्यात पाच टक्के विमेदाराने सोसायचे होते, ते ६० हजार. हाती आले ११ लाख ४० हजार, आणि तेही आधी बँकेच्या खात्यात.

अ‍ॅव्हरेजमध्ये गेलेले चार लाख कुणीही परत आणू शकत नव्हतं. काकांनी ते स्पष्ट सांगितलं. नूतनीकरणाच्या वेळी एजंटने जुनाच आकडा पुढे ओढला होता आणि कुणी दुकानाकडे पाहिलं नव्हतं. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत घरांसाठी ही कपात नाही. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर तो दुर्लक्षित केला जातो. भावाची तूट २५ टक्क्यांची होती.

रक्कम ठरल्यावर डिस्चार्ज व्हाउचर आलं: पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, यापुढे काही मागणी नाही. काकांनी ते शब्द मोठ्याने वाचून घेतले आणि हिशेब समजल्यावरच सही करू दिली. दबावाखाली घेतलेली अशी सही विमेदाराचा हक्क संपवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या प्रकरणात मान्य केलं आहे. पण दबाव सिद्ध करावा लागतो. सर्व्हेअरचा अहवाल हाही अंतिम शब्द नसतो. त्याची प्रत मागावी, मुद्देसूद लेखी हरकत घ्यावी, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावं. तिथे दाद न मिळाल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. एकल मालकीच्या धंद्यांना आणि सूक्ष्म उद्योगांनाही हा मार्ग खुला आहे. त्याला फी लागत नाही, वकिलाची गरज नसते. रकमेची मर्यादा तेव्हा ३० लाख होती, आता ५० लाख आहे.

काकांनी ठरलेली फी घेतली, टक्केवारी नाही. टक्केवारी आली की आकडा फुगवण्याचा मोह येतो, असं त्यांचं मत. मला ते पटतं. मदत घेताना माणसाची पूर्वीची कामं पाहावी, फी आधी लिहून घ्यावी आणि "साहेबांना सांभाळू" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

त्या बाजारात बहुतेकांना असा माणूस मिळाला नाही. नुकसान सारखंच, पॉलिसी सारखीच, पण कागद मांडता आले नाहीत म्हणून हक्काचे पैसे सुटले. हे नशिबावर सोडायचं कारण नाही. व्यापारी संघटनांनी दर मे महिन्यात एखादा जाणकार बोलावून प्रत्येक दुकानाचा साठा आणि विम्याचा आकडा ताडून पाहावा, हिशेबाची एक प्रत गावाबाहेर ठेवावी. नियामकाने विमेदाराच्या बाजूने काम करणाऱ्यांनाही परवाना आणि आचारसंहिता द्यावी. वर्षानुवर्षं हप्ता भरणाऱ्या छोट्या दुकानदाराचा एवढा हक्क नक्कीच आहे.