भिलाईच्या मे महिन्यातला चीजबोर्ड

आज चीजबोर्डबद्दल बोलू. एका फळीवर दोन-तीन प्रकारचं चीज, बाजूला फळं, काही कुरकुरीत, काही गोड-आंबट, आणि पाहुण्यांनी आपापलं उचलून खायचं. गॅसपाशी उभं राहावं लागत नाही, म्हणून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी हा प्रकार मला फार सोयीचा वाटतो. फक्त तो महाग असतो असा समज आहे, आणि भिलाईच्या उकाड्यात तो टिकेल का, हा प्रश्न आहे. दोन्हीचं उत्तर एकच निघतं: विकतचं चीज कमी आणायचं आणि तेही थोडं थोडं मांडायचं.

आधी उकाड्याचं बोलू. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की चीज खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, म्हणजे चव खुलते. ते वीस-बावीस अंशांच्या खोलीसाठी खरं आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस अंश असतात, आणि कूलर लावूनही खोली तिशीच्या खाली येताना कुरकुरते. तीस अंशांना दुधातली बरीचशी स्निग्धता वितळलेली असते. म्हणून चेडरला घाम सुटल्यासारखं तेल येतं, आणि पंख्याचा वारा लागला की कडा वाळून पिवळ्या पडतात. इथे दहा-पंधरा मिनिटं आधी काढलं तरी पुरतं.

दिसण्यापेक्षा पोटाची काळजी मोठी. नासणारे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अमेरिकेच्या अन्नसुरक्षा खात्याचा नियम आहे. कडक, जुनं चीज थोडं जास्त सोसतं. पनीर आणि चक्का अजिबात सोसत नाहीत, कारण त्यांत पाणी जास्त. आता आपल्या गावाची तऱ्हा बघा. कारखान्याच्या पाळ्या. काही पाहुणे साडेसातला येतात, दुसऱ्या पाळीवरचे रात्री दहानंतर. साडेसातला मांडलेलं ताट दहाला कुणापुढे ठेवायचं नाही. म्हणून मी दोन सारखे डबे भरते. एक मांडते, दुसरा फ्रिजमध्येच राहतो. उशिरा येणाऱ्यालाही ताजं ताट मिळतं, शिळं-उरलेलं मिळाल्याची भावना राहत नाही.

फळी विकत आणू नका. दगडी पोळपाट असेल तर तो दुपारीच फ्रिजमध्ये ठेवा. दगड गार झाला की बराच वेळ गार राहतो, लाकडाला ते जमत नाही. फारच उकडत असेल तर परातीत बर्फ पसरून त्यावर ताटली ठेवा.

आता चीज. आठ माणसांना, मागून जेवण असेल तर, चीज, पनीर, चक्का सगळं मिळून माणशी पन्नास-साठ ग्रॅम भरपूर होतं. यातलं विकतचं फक्त दोनशे ग्रॅम. साध्या डब्यातल्या किंवा क्यूबच्या प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडणारे लोक आहेत. उन्हाळ्यात मी त्याची बाजू घेते. तयार चीज वितळवून, त्यात फॉस्फेट किंवा सायट्रेटचे क्षार मिसळून ते बनवतात. हे क्षार स्निग्धता आणि पाणी एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून त्याला चेडरसारखं लवकर तेल सुटत नाही. चव सपाट असते, हे मान्य. त्यासाठी एखादा गौडाचा छोटा तुकडा आणा. आयात केलेल्यांच्या वाटेला जाऊ नका. खर्चाशिवाय आणखी एक अडचण आहे. खरं पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. शाकाहारी पाहुणे असतील तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या.

कुणी कोलकात्याहून येत असेल तर बँडेल चीज मागवा. हुगळीकाठच्या पोर्तुगीज वस्तीचा वारसा, न्यू मार्केटमध्ये मिळतं. लहान, चपट्या चकत्या, खारट, काही धुरावलेल्या. रात्रभर पाण्यात भिजवून मग कुस्करायच्या. हावडा-मुंबई मार्गावर राहण्याचे थोडे फायदे आपणही घ्यावेत की.

बाकीचं घरचं. दीड लिटर म्हशीच्या दुधाचं साधारण तीनशे ग्रॅम पनीर होतं. ते चांगलं दाबून, चौकोनी तुकडे करून, गार मिठाच्या पाण्यात कलौंजी घालून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. सुरतेच्या पारशी घरांतलं टोपली पनीरही असंच खारट निवळीत तरंगत असतं. पनीर आंबटाने फाडलेलं असल्यामुळे तापलं तरी वितळत नाही, आकार धरून राहतं. मात्र आकार शाबूत आहे म्हणजे खाण्याजोगं आहे असं नाही. तासाचा नियम त्यालाही लागू.

दुसरा चक्का. श्रीखंडासाठी करतो तोच, पण दही खुंटीला टांगू नका, मे महिन्यात सकाळपर्यंत तोंड वाकडं होईल इतकं आंबट होतं. फडक्यात बांधून चाळणीत, खाली भांडं, आणि सगळं फ्रिजमध्ये. सकाळी मीठ, भरडलेली मिरी घालून लिंबाएवढे गोळे वळा आणि जवसाच्या चटणीत घोळवा. छत्तीसगडात जवस घरोघरी असतो. माझ्या घरी पहिल्यांदा हेच संपतात, गौडा उरतो.

सोबतीला अंजिराचा जॅम कशाला, आपला साखरांबा आहे. खारट पनीरवर साखरांब्याची एक फोड ठेवून बघा. कैरीच्या पातळ चकत्या, काकडी, बाजारात चार आणि तेंदू आले असतील तर तेही. कलिंगड वेगळ्या ताटलीत द्या, त्याचं पाणी सगळीकडे पसरतं. बिस्किटांऐवजी ठेठरी, खाकरा, ज्वारीच्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे. ठेठरी आधीच खारट असते, तिच्याबरोबर चक्का बरा, प्रोसेस्ड चीज नको.

हे कुरकुरीत सामान मात्र कूलरच्या झोतात ठेवू नका. बाहेरची हवा कितीही कोरडी असली तरी कूलर ओलावा फेकतो, आणि अर्ध्या तासात खाकरा चामट होतो. झाकणाच्या डब्यात ठेवून लागेल तसा काढा. ताटावर तासभर राहिलेलं पनीर आणि चक्का परत फ्रिजमध्ये जाऊ देऊ नका. प्रोसेस्ड चीजचे चार तुकडे उरलेच, तर त्याच रात्री किसून पराठ्यात घाला.