घरगुती सर्व्हरवरील मंद फाइल हस्तांतरण

घरातील संगणकीय जाळ्याला जोडलेल्या सर्व्हरवर फाइल पाठवताना किंवा त्यावरून फाइल घेताना मिळणारा वेग जाळ्याच्या अपेक्षित क्षमतेपेक्षा बराच कमी असणे, या स्थितीला मंद फाइल हस्तांतरण असे म्हणतात. छायाचित्रे, चित्रफिती, कागदपत्रे आणि संगणकांचे बॅकअप एका ठिकाणी ठेवण्यासाठी घरगुती सर्व्हर वापरला जातो. त्यासाठी तयार नॅस उपकरण, जुना संगणक किंवा रास्पबेरी पायसारखा लहान संगणक उपयोगात आणतात.

फाइल एका संगणकावरून सर्व्हरवर पोहोचेपर्यंत अनेक टप्पे पार करते : पाठवणाऱ्या संगणकाची डिस्क, त्याचे नेटवर्क कार्ड, केबल किंवा वायफाय, स्विच अथवा राउटर, सर्व्हरचा प्रोसेसर आणि शेवटी सर्व्हरची डिस्क. यांपैकी सर्वांत मंद टप्प्याचा वेग हाच संपूर्ण हस्तांतरणाचा वेग ठरतो. म्हणून दोष शोधणे म्हणजे मुख्यतः हा मंद टप्पा ओळखणे होय.

महत्त्व

मंद हस्तांतरणाचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता मर्यादित नसतो. १ टेराबाइट माहितीचा बॅकअप प्रति सेकंद ११८ मेगाबाइट वेगाने सुमारे २ तास २० मिनिटांत पूर्ण होतो. तोच प्रति सेकंद ११.५ मेगाबाइट वेगाने घेतल्यास २४ तासांहून अधिक काळ लागतो. रात्रभरात पूर्ण न होणारा बॅकअप अनेकदा मध्येच थांबवला जातो आणि कालांतराने बंद पडतो. शिवाय पूर्वी चांगला असलेला वेग अचानक घटणे हे काही वेळा डिस्क निकामी होऊ लागल्याचे पहिले लक्षण असते.

एकके आणि कमाल वेग

जाळ्याची क्षमता बिटमध्ये, तर फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे प्रति सेकंद १,००० मेगाबिट क्षमतेच्या गिगाबिट इथरनेटवरून प्रति सेकंद जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जाऊ शकतात. प्रत्येक पॅकेटसोबत पत्ते व नियंत्रणाची माहितीही पाठवावी लागते. ती वजा जाता प्रत्यक्ष फाइलसाठी सुमारे ११८ मेगाबाइट उरतात. विंडोज प्रणाली मेगाबाइट मोजताना १,०२४ च्या पटीचा वापर करते, म्हणून तिच्या पडद्यावर हाच वेग ११२ च्या आसपास दिसतो. हा आकडा दोषाचा निदर्शक नाही.

घरातील दोन उपकरणांमधील हस्तांतरणाचा वेग इंटरनेट जोडणीच्या वेगावर अवलंबून नसतो. इंटरनेट सेवेची अधिक वेगवान योजना घेतल्याने सर्व्हरवरील हस्तांतरण सुधारत नाही.

आकड्यावरून प्राथमिक अंदाज

मोठी, एकसंध फाइल पाठवताना मिळणारा स्थिर वेग बहुधा कारणाकडे निर्देश करतो. पुढील आकडे प्रति सेकंद मेगाबाइटमध्ये आहेत.

* ११ ते १२ : मार्गात कोठेतरी १०० मेगाबिटची जोडणी आहे.
* ३० ते ४० : डिस्क यूएसबी २.० मार्गाने जोडलेली असण्याची शक्यता आहे.
* ११० ते ११८ : गिगाबिट इथरनेट पूर्ण क्षमतेने चालू आहे.
* प्रारंभी अधिक, नंतर एकदम कमी : सुरुवातीची माहिती तात्पुरत्या स्मृतीत साठवली जात होती; नंतरचा आकडा हा डिस्कचा खरा वेग आहे.
* सतत वर-खाली होणारा : वायफायमधील अडथळा, डिस्कमधील दोष किंवा सर्व्हरवर चालू असलेले दुसरे काम.

कारणे

केबल आणि जोडणी

इथरनेट केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटच्या प्रचलित इथरनेटला त्यांपैकी दोन जोड्या पुरतात. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या, तांब्याच्या तारेवरील गिगाबिट इथरनेटला मात्र चारही जोड्या लागतात. त्यामुळे एखादी तार तुटली किंवा टोकाचा जोड सैल झाला, तर अनेक उपकरणे जोडणी न तोडता १०० मेगाबिटवर उतरतात. जाळे चालू राहिल्याने वापरकर्त्याच्या हे लक्षात येत नाही. जुन्या किंवा स्वस्त राउटरची द्वारेही अनेकदा १०० मेगाबिटचीच असतात.

दोन्ही बाजूंची उपकरणे वेग व पद्धत परस्पर ठरवतात. एका बाजूला ही स्वयंचलित निश्चिती बंद करून १०० मेगाबिट व पूर्ण द्विदिश पद्धत हाताने ठरवली आणि दुसऱ्या बाजूला ती चालू ठेवली, तर दुसरी बाजू अर्ध-द्विदिश पद्धत स्वीकारते. एक बाजू पाठवत असतानाच दुसरीही पाठवू लागल्याने पॅकेटे नष्ट होतात आणि वेग कमालीचा घटतो.

वायफाय

वायफायच्या एका वाहिनीवर एका वेळी सामान्यतः एकच उपकरण बोलू शकते. पाठवणे आणि घेणे यांसाठी एकच हवाई वेळ वाटून घ्यावा लागतो. त्यामुळे वेष्टनावर छापलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग यांत मोठी तफावत असते. सर्व्हरही वायफायनेच जोडलेला असल्यास प्रत्येक पॅकेट संगणकाकडून राउटरकडे आणि राउटरकडून सर्व्हरकडे असे दोनदा हवेतून जाते व उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या सहसा १, ६ आणि ११ या तीनच असल्याने दाट वस्तीत शेजारच्या जाळ्यांचा अडथळा होतो. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात वाहिन्या अधिक असतात, परंतु भिंतींमुळे संकेत लवकर क्षीण होतो.

डिस्क

हार्ड डिस्कवर सलग माहिती वाचण्याचा वेग चांगला असतो; विखुरलेली माहिती वाचताना मात्र तो कोसळतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या करणाऱ्या डिस्कला अर्धी फेरी पूर्ण करण्यास सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचनशीर्ष योग्य ठिकाणी नेण्याचा वेळ वेगळा. यामुळे अशी डिस्क सेकंदाला सुमारे शंभराच्या आतच विखुरलेली कामे करू शकते. एकाच वेळी अनेक प्रती घेतल्यास एकूण वेळ वाढतो, तो याच कारणाने.

काही हार्ड डिस्कमध्ये लेखनपथ कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. त्यामुळे साठवण वाढते, पण एक पथ बदलताना शेजारचे पथही पुन्हा लिहावे लागतात. दीर्घकाळ चालणाऱ्या लेखनात अशा डिस्क अतिशय मंदावतात. नॅससाठी विकल्या जाणाऱ्या आपल्या काही डिस्कमध्ये हे तंत्र वापरल्याचे वेस्टर्न डिजिटल या कंपनीने २०२० मध्ये मान्य केले.

प्रोसेसर आणि उपकरणाची रचना

रास्पबेरी पाय हे अंतर्गत रचनेच्या मर्यादेचे ठळक उदाहरण आहे. ३ बी प्रारूपात १०० मेगाबिटचे इथरनेट आणि यूएसबी द्वारे एकाच यूएसबी २.० मार्गाने प्रोसेसरशी जोडलेली होती. २०१८ च्या ३ बी प्लस प्रारूपात गिगाबिट इथरनेट आले, तरी तोच मार्ग कायम राहिल्याने वेग सुमारे ३०० मेगाबिटपर्यंतच मर्यादित होता. २०१९ च्या चौथ्या प्रारूपात स्वतंत्र गिगाबिट इथरनेट आणि यूएसबी ३.० उपलब्ध झाले.

एन्क्रिप्शनसाठी स्वतंत्र सोय नसलेल्या प्रोसेसरवर एसएफटीपी किंवा कूटबद्ध डिस्क वापरल्यास प्रोसेसरच मंद टप्पा ठरतो. रेड संचाची पुनर्बांधणी, छायाचित्रांच्या लघुप्रतिमा तयार करणे आणि विषाणूतपासणी ही कामेही त्याच वेळी चालू असू शकतात.

लहान फाइलींची संख्या

प्रत्येक फाइलसाठी ती तयार करणे, लिहिणे, तिचे गुणधर्म नोंदवणे आणि ती बंद करणे असे अनेक संदेश पाठवावे लागतात व प्रत्येक उत्तराची वाट पाहावी लागते. प्रत्येकी १० किलोबाइटच्या १०,००० फाइलींचा एकूण आकार अवघा १०० मेगाबाइट असतो. परंतु प्रत्येक फाइलमागे १० मिलिसेकंद गेले, तर त्यांना १०० सेकंद लागतात, म्हणजे वेग प्रति सेकंद १ मेगाबाइट दिसतो. येथे जाळे किंवा डिस्क सदोष असेलच असे नाही. या फाइली एका झिप किंवा टार संग्रहात बांधून पाठवल्यास बराच वेळ वाचतो. एसएमबी प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती असे संदेश विशेष प्रमाणात पाठवत असे. ती असुरक्षितही असल्याने तिच्याऐवजी दुसरी किंवा तिसरी आवृत्ती वापरावी.

निदानाची पद्धत

निदानात एका वेळी एकच टप्पा तपासावा आणि एका वेळी एकच बदल करावा. अनेक बदल एकत्र केल्यास कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही.

१. काही गिगाबाइटची एकच मोठी फाइल पाठवून स्थिर झालेला वेग नोंदवावा. नंतर तीच फाइल उलट दिशेने घ्यावी. केवळ लेखन मंद असल्यास सर्व्हरच्या डिस्ककडे संशय जातो.
२. दोन्ही बाजूंना जोडणीचा ठरलेला वेग पाहावा. विंडोजमध्ये तो नेटवर्क जोडणीच्या तपशिलात, तर लिनक्समध्ये इथटूल या साधनाने दिसतो. तो १०० मेगाबिट असल्यास प्रथम केबल बदलावी.
३. आयपर्फ हे साधन डिस्कचा वापर न करता केवळ जाळ्याचा वेग मोजते. त्यात ९०० मेगाबिटहून अधिक वेग मिळाला, तर जाळे निर्दोष समजून पुढे जावे.
४. सर्व्हरवरच डिस्कचा वाचन-लेखन वेग मोजावा. चाचणीची फाइल सर्व्हरच्या स्मृतीपेक्षा मोठी असावी, अन्यथा स्मृतीचाच वेग मोजला जातो.
५. हस्तांतरण चालू असताना प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याचा वापर पाहावा. चार गाभ्यांपैकी एकच पूर्ण व्यग्र असेल, तर एकूण वापर २५ टक्के दिसतो आणि खरी अडचण लपून राहते.

डिस्कची स्थिती स्मार्ट या अंतर्गत नोंदींवरून तपासता येते. पुनर्नियोजित किंवा प्रलंबित विभागांची संख्या वाढत असल्यास डिस्क खराब भाग पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत असते व हस्तांतरण काही सेकंद थबकते. अशा वेळी वेगाच्या चाचण्या थांबवून महत्त्वाच्या माहितीची प्रत आधी दुसरीकडे घ्यावी. चाचण्यांचा ताण डिस्कच्या उरलेल्या आयुष्यावर पडतो.

उपाययोजना

सर्व्हर शक्यतो केबलने जोडणे, कॅट ५ई किंवा त्यावरील प्रतीची केबल वापरणे आणि गिगाबिट स्विच बसवणे हे उपाय कमी खर्चाचे व बहुधा परिणामकारक असतात. २०१६ मध्ये प्रमाणित झालेले २.५ गिगाबिट इथरनेट कॅट ५ई केबलवरही चालते, मात्र त्याचा लाभ डिस्क तितकी वेगवान असेल तरच होतो. पॅकेटचा आकार १,५०० वरून ९,००० बाइट केल्याने गिगाबिट जोडणीवर चार-पाच टक्क्यांचाच फायदा मिळतो. मार्गातील एखादे उपकरण हा आकार स्वीकारत नसल्यास हस्तांतरण अडकून पडते. म्हणून हा उपाय प्रारंभी करू नये.

हे सुद्धा पहा

* संगणकीय जाळे
* इथरनेट
* वायफाय
* हार्ड डिस्क
* रास्पबेरी पाय