बाळंतिणीचा ताप

बाई बाळंत झाली. मूल रडले, वार पडली. घरच्यांना वाटते, सुटली बिचारी! पण तिच्या पोटात अजून एक जखम असते. ती कुणाला दिसत नाही.

वार गर्भाशयाला आतून चिकटलेली असते. ती सुटली की तिथे तळहाताएवढी ओली जागा राहते. ती भरायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर बाईच्या अंगावरून जाते. आधी तांबडे, मग फिकट, मग पांढुरके. हे जाणे चांगलेच. पण त्याला घाण वास येता कामा नये.

या जखमेत जंतू शिरले की गर्भाशयाचे आतले अस्तर सुजते. बहुधा पहिल्या दहा दिवसांत थंडी वाजून ताप येतो. ओटीपोटाला हात लावू देत नाही. अंगावरचे घाण मारते. मग घरात बोलणी सुरू होतात. सासूबाई म्हणतात, "दूध उतरतंय, त्याचा ताप आहे." शेजारीण म्हणते, "बाहेरचं वारं लागलं." अंगारा लावतात, शेगडी पेटवतात. यात दोन दिवस जातात. दूध उतरताना छाती दाटते, अंग जरा कोमट लागते, हे खरे. पण थंडी वाजून आलेला ताप दुधाचा म्हणून अंगावर काढू नये. जंतूंचे विष रक्तात भिनले तर बाई हाती लागत नाही.

हे जंतू येतात कुठून? पुष्कळदा बाळंतपण करणाऱ्याच्या हातांवरून. दूर युरोपात व्हिएन्ना नावाचे शहर आहे. तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक सुइणींचा, दुसरा डॉक्टरांचा. नवल असे, की डॉक्टरांच्याच विभागात बाया जास्त मरत! सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने कारण हुडकले. डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी प्रेते चिरून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासत. 1847 साली त्याने सर्वांना ब्लीचिंग पावडरीसारख्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या साली एप्रिलात शंभरात 18 बाया दगावल्या होत्या. जूनमध्ये दोनच. आपले हात मळके, हे ऐकणे मोठ्या डॉक्टरांना मात्र रुचले नाही.

तेव्हा बाळंतपण दवाखान्यातच करावे. वार सगळी पडली का, हे तिथे बघतात. तुकडा आत राहिला तर तो कुजतो. पोट फाडून मूल काढले असेल तर जास्तच जपावे. घरी बाळंतिणीच्या घड्या साबणाने धुवून उन्हात वाळवाव्यात. बाया लाजेने त्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालतात. लाज कसली त्यात?

आशाताई घरी येते, तिला ताप मोजायला सांगा. 100.4 किंवा त्याहून जास्त भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी 108 नंबरला फोन करून गाडी बोलवा. तिथे जंतू मारणारी इंजेक्शने देतात. घरी गोळ्या दिल्या, तर ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका. आणि बाळाचे दूध आपल्या मनाने तोडू नका. बहुतेक वेळा पाजता येते, डॉक्टरांना विचारा.