उजेडाचा हिशेब

दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी नऊच्या सुमारास, मी आमच्या खळ्याच्या टोकाला एक यंत्र बाहेर काढतो. तेल बघतो, पेट्रोलची चावी सोडतो, चोक लावतो आणि दोरी खेचतो. दुसऱ्या, फार तर तिसऱ्या हिसक्याला ते सुरू होते. मग त्यावर एक पंखा आणि इस्त्री लावून वीस मिनिटे चालवतो नि बंद करतो. वाडीतली माणसे त्या आवाजावरून तारीख ओळखतात.

गेल्या चार-पाच वर्षांत या यंत्रामुळे मला एक वेगळीच प्रतिष्ठा मिळाली आहे. माझ्या कादंबऱ्यांविषयी तालुक्यात कोणी अवाक्षर काढत नाही. पण पावसाळा तोंडावर आला की फोन सुरू होतात. "काका, जनरेटर घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी विचारतो, "कशासाठी?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येते, "म्हणजे काय? लाइट जाते म्हणून!"

हा "कशासाठी" मी बँकेत शिकलो. एका राष्ट्रीयीकृत बँकेत मी अडतीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी कर्जाच्या टेबलावर. जनरेटरशी माझी ओळखही तिथलीच. श्रीराम-होंडा नि बिर्ला-यामाहा ही नावे पहिल्यांदा वाचली ती कोटेशनांच्या कागदांवर. नंतर २००५ च्या आसपास महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला, तेव्हा पिठाची गिरणीवाला, झेरॉक्सवाला, दवाखानेवाला असा जो तो जनरेटरसाठी अर्ज घेऊन येई. प्रत्येकाला माझे ठरलेले प्रश्न असत. काय चालवणार? किती वेळ? सगळे एकदम चालवायलाच हवे का? नादुरुस्त झाला तर दुरुस्त कोण करणार? माणसे वैतागत. पण शंभरातल्या निम्म्या अर्जांत मागणी एक आणि गरज दुसरीच निघे.

स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र यातला एकही प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि रायगडबरोबर आमचा दापोली-मंडणगडचा पट्टाही त्याने झोडपून काढला. दुपारच्या काही तासांत माड-पोफळी काडीसारख्या मोडल्या, वडिलांनी लावलेली कलमे मुळासकट आडवी झाली. विजेच्या खांबांचे तर विचारूच नका. आमच्या वाडीत वीज परत आली ती तेविसाव्या दिवशी.

कौले उडाली, ती परत घालता येतात. माझा जीव अडकला होता तो माजघरातल्या कॉटवर. आईचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. जन्मभर चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, तिचे दान उतारवयात फुफ्फुसांच्या पदरी पडले. डॉक्टरांनी दिवसातले किमान पंधरा तास ऑक्सिजन सांगितला होता. त्यासाठी घरी कॉन्सन्ट्रेटर होता. हे यंत्र खोलीतलीच हवा ओढते, तिच्यातला नायट्रोजन अडवते आणि ऑक्सिजन नळीवाटे देते. वीज असली तर प्राणवायू, नसली तर शोभेचे कपाट! अडीअडचणीला म्हणून दीड हजार लिटरचा एक सिलिंडर ठेवला होता. मिनिटाला दोन लिटर या हिशेबाने तो साडेबारा तास पुरतो. पुरवून पुरवून वापरला तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटा तळाशी आला.

तिसऱ्या दिवशी झाडे तोडत तोडत रस्ता मोकळा झाला, तसा मी तालुक्याला धावलो. कोणीतरी टेंपोभर जनरेटर आणले होते. लोकांची झुंबड. खोक्यावर ठळक अक्षरांत "८५० वॅट" छापलेले, किंमत अठरा हजार. मी पैसे मोजले आणि यंत्र मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आलो. आयुष्यात कोणाचे अठराशे रुपयांचे कर्जही इतक्या बेफिकिरीने मंजूर केले नव्हते.

घरी येऊन चष्मा लावून बघितले तो बुडाशी बारीक पट्टी : सलग चालवायचे तर ६५० वॅट. मोठी अक्षरे काही क्षणांच्या जोरापुरती होती. ते दोन फेऱ्यांचे इंजिन, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, धूर भरपूर. दाब स्थिर नाही, त्यामुळे दिवा लुकलुके आणि कॉन्सन्ट्रेटर मधूनच शिट्टी मारून बंद पडे. बाकीचे सगळे बंद ठेवले तर कसाबसा चाले. बाहेर धो धो पाऊस. यंत्र भिजू नये म्हणून मी ते मागच्या पडवीत ठेवले. पडवी आणि माजघर यांच्यामध्ये एक दार आणि वरून उघडे असलेले कूड.

रात्री दीडच्या सुमारास सौ. उठली ती डोके धरूनच. "मळमळतंय हो. आणि आई बघा, हाक मारतेय तर ओ देत नाहीत." आईची मान एका बाजूला कलली होती. डोळे उघडी, पुन्हा मिटी. मला वाटले, संपले सारे. नशीब एवढेच, की सौ.ने आधी पुढचे दार सताड उघडले आणि ओरडली, "तो आवाज बंद करा आधी!" आम्ही दोघांनी कॉट उचलून ओटीवर आणली. पावसाचे तुषार अंगावर येत होते. अर्ध्या तासाने आई क्षीण आवाजात म्हणाली, "मला इथे भिजत का ठेवलंय रे?" इतके गोड बोल मी आजवर ऐकलेले नाहीत.

सकाळी डॉक्टरांनी आधी पडवी बघितली आणि मग आईला. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. म्हणजे एका हाताने मी आईला ऑक्सिजन देत होतो आणि दुसऱ्या हाताने तोच काढून घेत होतो. जिने जन्मभर चुलीचा धूर गिळला, तिच्या उशाशी मुलाने आणखी एक चूल पेटवून ठेवली होती.

दुसरा धडा सातव्या-आठव्या दिवशी मिळाला. वीज मंडळाच्या मदतीला बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसे आली होती. त्यातला एक घाटावरचा तरुण वायरमन आमच्या गडग्यापाशी थांबला. "काका, जनरेटर तुमचाच न्हवं? जोडलाय कसा?" मी अभिमानाने दाखवले. गावातल्या एका हुशार इलेक्ट्रिशियनने दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून दिली होती. एक टोक जनरेटरला, दुसरे भिंतीतल्या सॉकेटला. झाले, घरभर उजेड! मेन स्विच? तो पाडायचा मी आदल्या रात्रीच विसरलो होतो.

त्या पोराचा चेहरा पांढरा पडला. त्याने वायर उपटली आणि मग शांतपणे समजावले. ही वीज मीटरमधून उलटी तारेवर जाते, तारेवरून डीपीत. डीपी येताना अकरा हजार व्होल्टचे आपले घरगुती व्होल्ट करते, तशी उलट जाताना घरगुतीचे अकरा हजार करते. "आमी वर चढतो ते लाइन बंद हाय म्हणून. तुमच्या घरात बल्ब लागतो आन् वर आमचा माणूस चिकटतो." नशिबाने आमच्याकडची तार वादळातच तुटून पडली होती, म्हणून ती वीज पुढे पोचली नाही. माझ्या विसराळूपणाची किंमत वीस-बावीस वर्षांच्या त्या मुलाने दिली असती, आणि मी जन्मभर म्हणत राहिलो असतो की अपघात झाला.

आईला आम्ही दोन दिवसांनी चिपळूणला भाच्याकडे हलवले, वीज आल्यावर परत आणले. पावसाळा सरल्यावर मी एक कोरा ताव घेतला आणि स्वतःचेच प्रपोजल तपासायला बसलो.

पहिला प्रश्न, कशासाठी? कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅट. दोन एलईडी दिवे १८. एक पंखा ७५. फ्रिज १५०. दोन मोबाइल २०. बेरीज ६१३. पण फ्रिजसारखी मोटरची वस्तू सुरू होताना क्षणभर चौपट-पाचपट ओढते. ते वाढीव सहाशे धरले तर गरज बाराशेच्या घरात. त्यावर बँकेच्या शिस्तीने पंचवीस टक्के मार्जिन. हिशेब सोळाशे वॅटवर आला. बाजारात हे माप २ केव्हीए म्हणून मिळते, कारण केव्हीएला ०.८ ने गुणले की साधारण वॅटचा आकडा हाती येतो.

"आणि पंप?" सौ.ने विचारले. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना साडेपाचशे वॅट खातो, सुरू होताना त्याच्या तिप्पट. त्यात कॉन्सन्ट्रेटर मिळवला की दोन हजार. त्या एका पंपासाठी यंत्र दीडपट मोठे, जड आणि पेट्रोल पिणारे घ्यावे लागले असते. पंपावर मी काट मारली. वादळाची सूचना हल्ली काही दिवस आधी मिळते. तेव्हाच हजार लिटरची टाकी भरून ठेवायची. विहिरीला रहाट आहेच. "तुम्ही ओढणार असाल तर माझी हरकत नाही," अशी अट घालून प्रस्ताव मंजूर झाला.

दुसरा प्रश्न, किती वेळ? शहरात दोन-तीन तास वीज जाते, त्यांनी जनरेटरच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरते. बारा व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, हाती बाराशे लागले तरी दिवे-पंखे आरामात निघतात. पण त्यावर कॉन्सन्ट्रेटर लावला तर साडेतीन तास. आणि छपरावर साधी सौर पाटी असली म्हणून निर्धास्त राहू नये. बॅटरीविना थेट मंडळाच्या तारेला जोडलेली यंत्रणा तार बंद पडली की स्वतःही बंद पडते. कारण तेच, वर चढलेला वायरमन. जिथे दिवसच्या दिवस जातात, तिथेच जनरेटर.

तिसरा प्रश्न, कुठला? सोळाशे वॅट सलग देणारा आहे ना, हे पट्टीवर वाचायचे, खोक्यावर नव्हे. आत नाजूक यंत्रे चालवायची तर इन्व्हर्टर पद्धतीचा जनरेटर घ्यावा. तो दाब स्थिर ठेवतो, भार कमी झाला की इंजिनाची गती उतरवतो, म्हणून पेट्रोल आणि आवाज दोन्ही कमी. तेल खाली गेले की आपोआप बंद पडण्याची सोय हवीच. रात्री अडीचला तेल बघायला कोणी उठत नाही. आणि शेवटचे, पण माझ्या मते पहिले : फिल्टर, प्लग आणि ते बसवणारा माणूस आपल्या तालुक्यात आहे का? नसेल तर जगातला उत्तम जनरेटरही पहिल्या वादळानंतर कोंबड्यांना बसायला होतो.

हे सगळे जमवताना किंमत पहिल्या यंत्राच्या चौपटीवर गेली. पण सगळ्यात मोलाची वस्तू स्वस्तातली निघाली. मीटरशेजारी बसवलेला चेंजओव्हर स्विच. खटका एकतर मंडळाकडे, नाहीतर जनरेटरकडे. दोन्हीकडे एकदम नाहीच. माणसाच्या आठवणीवर काही सोडायचे नाही, हे तत्त्व बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्यांनी शिकवले होते. त्याच्याच जोडीला नीट अर्थिंग. आणि घरापासून वीस फुटांवर, खळ्याच्या टोकाला, चारी बाजूंनी उघडा पत्र्याचा मांडव. धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला.

परीक्षा लवकरच झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गेले. वाचकांना ते दिवस आठवत असतील. करोनाची दुसरी लाट होती आणि माणसे ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्र रात्र रांगेत उभी होती. आमचा रिकामा सिलिंडर कोणी भरून देईना. आई आणि मृत्यू यांच्यामध्ये ते एकच यंत्र उभे होते. चार दिवस, रोजचे पंधरा तास, मधे थांबवून, इंजिन निववून, मगच पेट्रोल भरायचे. दिवसाला आठ-नऊ लिटर. हिशेब केला तर वीज युनिटला शंभर रुपयांहून महाग पडली. पण आई माजघरात झोपली होती आणि खळ्यातून येणारी घरघर रात्रभर सलग होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बरं वाटतंय रे तो आवाज ऐकून. जातं चाललंय असं वाटतं."

कॉन्सन्ट्रेटर सोडून उरलेल्या विजेवर वाडीतले मोबाइल लागले. पलीकडच्या घरातल्या बाळाचे औषध आमच्या फ्रिजमध्ये राहिले. यादीत हे नव्हते, मार्जिनमध्ये बसले.

आई २०२३ साली गेली. रात्री, अगदी शांतपणे. घरात मंडळाचीच वीज होती. कॉन्सन्ट्रेटर आम्ही दवाखान्याला देऊन टाकला. जनरेटर विकून टाका, असे दोघा-तिघांनी सुचवले. पण ठेवला आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते दमट हवेत पाणी धरते आणि पडून राहिले की कार्ब्युरेटर चोंदतो. म्हणून एक तारखेचे काम झाले की टाकी रिकामी करतो, चावी बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल जाळून टाकतो. नवे यंत्र असेल तर पहिले तेल वीस तासांतच बदलायचे, हेही विचारणाऱ्याला सांगतो.

परवाच एका गृहस्थांचा फोन आला. वडील अंथरुणाला खिळलेले, पावसाळ्याआधी जनरेटर हवा. "चांगली कंपनी सांगा," म्हणाले. मी म्हटले, "कंपनी मागाहून. आधी ताव घ्या आणि वडिलांना काय काय लागते ते लिहा. मग यंत्र कुठे ठेवणार ते लिहा. आणि खांबावर कोण चढतो, तेही लक्षात ठेवा."

फोनवर पुन्हा तीच शांतता. मग कागद फाडल्याचा आवाज ऐकू आला.