बरणीतले फॉर्मॅलिन आणि डोळ्यातले पाणी

थंडी पडू लागली की किहीमच्या किनाऱ्यावर दोन प्रकारची गर्दी दिसते. एक सहलीला आलेल्यांची. दुसरी, ओहोटीची वेळ साधून, हातात बादल्या-बाटल्या घेऊन खडकांतून वाकून चालणाऱ्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची. पहिल्या गर्दीच्या उन्हाच्या आणि पोटाच्या तक्रारींबद्दल या सदरात पुष्कळ लिहून झाले. आज दुसऱ्या गर्दीच्या हातातील बाटलीविषयी लिहितो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात एका महाविद्यालयाची मुले अशीच खेकडे, समुद्रफुले आणि शंख-शिंपले गोळा करायला आली होती. नमुने टिकवण्यासाठी फॉर्मॅलिन हवे, म्हणून प्रयोगशाळेतून निघताना कोणीतरी ते पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतले होते. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. बाटली सकाळभर उन्हात पडली. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने ती बुडाशी घट्ट धरून झाकण फिरवले मात्र, मऊ प्लास्टिक दाबले गेले आणि चिळकांडी उडून थेट उजव्या डोळ्यात गेली.

मुलीने किंकाळी फोडली. बरोबरच्या मुलांनी रुमालाने डोळा पुसला आणि रिक्षा आणायला धावली. शेजारच्या वाडीत एक मावशी नळीने माडांना पाणी घालीत होत्या. त्यांनी मुलीला ओढत नेऊन खाली बसवले आणि नळी तिच्या डोळ्याशी धरली. "आधी डोला धव गो पोरी, रिक्षा काय पलून नाय चालली!" मुले घाई करीत होती, पण मावशींनी पाव तास तिला सोडले नाही. नंतर ती माझ्याकडे आली, तिथे पुन्हा धुणे झाले आणि मग अलिबागला नेत्रतज्ज्ञांकडे रवानगी. बुबुळाचा वरचा पडदा भाजला होता. बरा व्हायला तीन आठवडे लागले, एका कडेला पुसटसा डाग राहिला, पण दृष्टी वाचली. माझ्या औषधापेक्षा विहिरीच्या पाण्याचा वाटा त्यात मोठा आहे, हे मी तेव्हाही सांगितले होते.

आता हे फॉर्मॅलिन म्हणजे काय ते पाहू. फॉर्माल्डिहाइड नावाचा एक तिखट वासाचा वायू आहे. तो पाण्यात सुमारे ३७ ते ४० टक्के विरघळवला की फॉर्मॅलिन होते. ते गढूळ होऊ नये म्हणून त्यात थोडे मिथेनॉलही घातलेले असते आणि मिथेनॉल स्वतःच विषारी आहे. प्रयोगशाळेत ज्याला '१० टक्के फॉर्मॅलिन' म्हणतात, ते एक भाग फॉर्मॅलिन आणि नऊ भाग पाणी असते. म्हणजे त्यात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड चार टक्क्यांच्या आसपासच असते. हा हिशेब न कळल्याने मुले गरजेपेक्षा कडक द्रावण करतात असा माझा अनुभव आहे.

नमुने टिकवण्याचा त्याचा गुण योगायोगाने कळला. फ्रँकफर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम फॉर्माल्डिहाइडचा जंतुनाशक म्हणून उपयोग होतो का ते पाहत होते. काम करता करता आपल्या बोटांची कातडी घट्ट झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. १८९३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत फॉर्मॅलिन शिरले. ते शरीरातील प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते. त्यामुळे बरणीतला खेकडा सडत नाही. वाचकहो, जिवंत माणसाच्या बुबुळावरही ते नेमके हेच करते. म्हणून क्षणाचाही विलंब नको.

डोळ्यात गेल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावे, घड्याळ लावून. बाधलेला डोळा खालच्या बाजूस ठेवावा, नाहीतर धुतलेले पाणी चांगल्या डोळ्यात जाते. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढावी. डोळा चोळू नये, दूध-मध-गुलाबपाणी काही घालू नये. त्यानंतर थोडे बरे वाटले तरी डॉक्टरकडे जावेच, कारण इजा कधी कधी काही तासांनी वाढलेली दिसते. अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे उतरवून कातडी भरपूर पाण्याने धुवावी. पोटात गेल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. जाताना जेवढे भाजते तेवढेच परत येतानाही भाजते. तातडीने रुग्णालय गाठावे आणि बाटली बरोबर न्यावी.

वासाविषयी एक मोठा गैरसमज आहे. "वास येत नाही, म्हणजे हवेत नाही," असे प्रयोगशाळेतील जुनी माणसे बेधडक सांगतात. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भाग असला तरी बहुतेकांना वास येतो. चार-पाच भाग झाले की डोळ्यांना धार लागते. पण नाक काही वेळाने सरावते आणि तक्रार करणे सोडून देते. धोका मात्र तिथेच असतो. काहींना पुढे त्याची ॲलर्जी जडते. मग किंचित संपर्कानेही हाताला खाजरा इसब होतो, कोणाला दम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातले, ते नाकामागच्या घशाच्या कर्करोगावरून. एखाद्या तासिकेने असे काही होत नाही, घाबरू नये. पण वर्षानुवर्षे बंद खोलीत बरण्या हाताळणारे प्रयोगशाळा परिचर आणि शिक्षक यांनी हे मनावर घ्यावे.

त्यांच्यासाठी उपाय साधे आहेत. फॉर्मॅलिन ओतण्याचे काम हवा खेचणाऱ्या कपाटात करावे. ते नसेल तर खिडक्या उघडून, पंखा हवा बाहेर टाकील असा लावून. डोळ्यांना चारही बाजूंनी बंद असणारा चष्मा हवा. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत, पातळ रबरी मोजे फार वेळ टिकाव धरत नाहीत. करोनाच्या काळापासून घरोघरी असलेला कापडी मास्क येथे निरुपयोगी आहे, वायू त्यातून आरपार जातो. बर्नर पेटता ठेवू नये. बाटलीवर ठळक नाव आणि तारीख लिहावी. आणि पाण्याची किंवा सरबताची बाटली तर कधीही वापरू नये! त्या मुलीच्या जागी एखाद्या तहानलेल्या मुलाने ती तोंडाला लावली असती तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

दोन गाठी टाळाव्यात. हायड्रोक्लोरिक आम्लाजवळ फॉर्मॅलिन ठेवू नये. दोघांच्या वाफांतून कर्करोगकारक पदार्थ तयार होऊ शकतो. पोटॅशियम परमँगनेटवर ते पडल्यास जोरात उकळून वायू बाहेर पडतो. कुक्कुटपालन करणाऱ्यांना ही युक्ती धुरी देण्यासाठी माहीत आहे. ते काम माणूस आत असताना करण्याचे नव्हे.

किनाऱ्यावर नमुने घेणाऱ्यांनी शक्यतो पातळ द्रावण प्रयोगशाळेतच तयार करून न्यावे. शिंपल्यांसाठी त्यात थोडा बोरॅक्स घालावा, कारण फॉर्मॅलिन हळूहळू आम्ल बनते आणि कवच झिजवते. नमुने पक्के झाले की ते पाण्यात चांगले धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावेत. मग वर्गात बरणी उघडली तरी डोळे झोंबत नाहीत. मात्र अल्कोहोल पेट घेते, हे विसरू नये. आणि प्रत्येक जीव बरणीत भरलाच पाहिजे असेही नाही. याच किहीमला १९३० साली सालीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा गाजलेला अभ्यास केला, तो झाडावरची जिवंत घरटी तासन् तास न्याहाळून.

हे वाचून कोळीवाड्यातून प्रश्न येणारच, म्हणून मासळीचे सांगतो. जुलै २०१८ मध्ये गोव्यात मासळीला फॉर्मॅलिन लावल्याच्या संशयावरून गदारोळ झाला आणि परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदीही आली. मासळीला फॉर्मॅलिन लावणे हा गुन्हाच आहे. परंतु मासळीत थोडे फॉर्माल्डिहाइड निसर्गतःच तयार होते, आपल्या बोंबलात तर अधिकच. तेव्हा चाचणीत अंश आढळला म्हणजे लगेच भेसळ झाली असे नव्हे.

एका शिक्षकांनी विचारले आहे की, शाळेच्या कपाटातील २५-३० वर्षांपूर्वीच्या बरण्यांचे काय करावे? त्या मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नयेत. झाकणाशी पांढरी पूड जमली असेल तर तो फॉर्माल्डिहाइडचाच घट्ट झालेला प्रकार आहे; ती खरवडू नये, तापवू तर मुळीच नये. बरण्या उभ्या, बंद, नाव लिहून वेगळ्या ठेवाव्यात. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे केंद्र आपल्याच जिल्ह्यात तळोजा येथे आहे. आसपासच्या चार-पाच शाळांनी मिळून, प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून, एकाच खेपेत त्या तिकडे पाठवाव्यात. प्रत्येकी खर्च कमी पडेल.