मानसशास्त्राचे साहित्य वाटून घेताना

गुहागरच्या एखाद्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाकडचा लोलक फुटला, तर तो चिपळूणच्या मित्राकडून मागवता येतो. एस.टी.च्या गाडीतून आला तरी लोलक लोलकच राहतो, आणि प्रकाश गुहागरातही चिपळूणइतकाच वाकतो. लिटमसचा कागद, चुंबकसूची, सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या यांचेही तसेच. मानसशास्त्राच्या शिक्षकाची अडचण निराळी आहे. त्याचे साहित्य म्हणजे शब्दांच्या याद्या, अंकांच्या मालिका, चित्रे आणि प्रश्न. हे साहित्य ज्याच्यापुढे ठेवायचे त्याची भाषा, त्याचे गाव, त्याची घरची बोली या सर्वांचा परिणाम उत्तरावर होतो. म्हणून ते उसने घेताना काय बदलते, याचा विचार आधी करावा लागतो.

हा विचार आम्हांला महत्त्वाचा वाटतो, कारण तालुक्याच्या गावी मानसशास्त्राचा शिक्षक बहुधा एकटाच असतो. शंका विचारायला शेजारी सहकारी नसतो, प्रयोगशाळा म्हणजे अनेकदा एक कपाट असते. अकरावी व बारावीची मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके बालभारतीने अनुक्रमे २०१९ आणि २०२० साली नव्याने काढली व ती मराठीतही मिळतात. वाचायला मराठी पुस्तक आहे, परंतु वर्गात करून दाखवायचे साहित्य ज्याचे त्याने जमवायचे, अशी स्थिती आहे.

साहित्य वाटून घेणे म्हटले की आपल्याकडे प्रथम ‘नोट्स’ डोळ्यांपुढे येतात. नोट्स देण्याघेण्यात आम्हांला फारसा रस नाही. त्या पुस्तकातून काढलेल्या असतात आणि पुस्तक सर्वांकडे असते. द्यावा-घ्यावा तो करून पाहिलेला प्रयोग. अमेरिकेत मानसशास्त्र कसे शिकवावे या एकाच विषयाला वाहिलेले ‘टीचिंग ऑफ सायकॉलॉजी’ हे नियतकालिक १९७४ पासून निघते. तेथील मानसशास्त्र संघटनेने वर्गात करायच्या कृतींचे पुस्तकही १९८१ साली काढले. आता यातले पुष्कळसे इंटरनेटवर एका बोटाच्या अंतरावर आहे. मग उतरवून घ्यायचे आणि भाषांतर करायचे, एवढेच काम उरते असे वाटते. आम्हांलाही तसेच वाटले होते.

खोट्या आठवणींचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. जेम्स डीझ यांनी तो १९५९ मध्ये केला आणि रोडिगर व मॅक्डरमॉट यांनी १९९५ मध्ये पुन्हा पुढे आणला. एकमेकांशी संबंधित शब्दांची यादी वाचून दाखवायची. ते शब्द ज्या एका शब्दाभोवती जमलेले असतात, तो शब्द मात्र यादीत ठेवायचा नाही. ‘झोप’ हा शब्द वगळून तिच्या भोवतालचे पंधरा शब्द वाचले, की पुष्कळ मुले ‘झोप’ हाही शब्द ऐकल्याचे खात्रीने सांगतात. १९९५ च्या दुसऱ्या प्रयोगात असा न वाचलेला शब्द निम्म्याहून थोड्या अधिक वेळा ‘आठवला’ होता. वर्गात याचा परिणाम जादूसारखा होतो. साक्षीदाराच्या जबानीवर किती भरवसा ठेवावा, या चर्चेला याहून चांगली सुरुवात आम्हांला ठाऊक नाही.

आम्ही ती इंग्रजी यादी भाषांतर करायला घेतली आणि पाचव्या मिनिटाला अडलो. इंग्रजी यादीत हलक्या झोपेचे तीन निरनिराळे शब्द आहेत. मराठीत तिन्हींना ‘डुलकी’. जागे असणे आणि जागे होणे यांना दोन शब्द आहेत. आपल्याकडे दोन्ही ‘जाग’पाशी येतात. आणखी एका शब्दाचे भाषांतर करायला गेलो तर ‘निद्रा’ किंवा खुद्द ‘झोप’च! म्हणजे जो शब्द लपवायचा तोच यादीत येऊन बसला. पंधराचे जेमतेम दहा उरले. जागा भरायला आमच्यापैकी एकाने ‘झोपाळा’ सुचवला. कोकणातल्या घरात तो असतोही. परंतु त्या शब्दाच्या पोटातच ‘झोप’ आहे, हे लक्षात आल्यावर तोही काढावा लागला.

अशी यादी भाषांतराने होत नाही, ती नव्याने बांधावी लागते. त्याची रीत सोपी आहे. ज्या वर्गावर प्रयोग करायचा नाही अशा वर्गात जाऊन ‘झोप’ म्हणताच मनात येणारे पहिले तीन शब्द कागदावर लिहायला सांगावे. कागद गोळा करून कोणता शब्द किती वेळा आला हे मोजावे. उशी, अंथरूण, स्वप्न, जांभई, घोरणे, पांघरूण, रात्र अशी यादी हाती येईल. मग उलट तपासणी करावी: ‘जांभई’ म्हटल्यावर किती मुलांना ‘झोप’ आठवते? असे उलट ओढून नेणारे शब्द जितके अधिक, तितकी खोटी आठवण होण्याची शक्यता जास्त. ही डीझ यांचीच सूचना आहे.

रंग आणि शब्द यांच्या झगड्याचा प्रयोग पाहा. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये शंभर रंगीत चौकटींचे रंग सांगायला लावले, तेव्हा सरासरी ६३.३ सेकंद लागले. रंगांची नावे भलत्याच रंगाच्या शाईत छापली आणि शाईचा रंग सांगायला लावले, तेव्हा ११०.३ सेकंद लागले. कार्डशीट आणि स्केचपेने एवढ्या साहित्यात हा प्रयोग होतो. पण पांढऱ्या कागदावर पिवळी अक्षरे दिसत नाहीत, म्हणून लाल, निळा, हिरवा, काळा हे चार रंग बरे. (लाल-हिरवा भेद न कळणारा विद्यार्थी वर्गात असू शकतो, प्रयोगाआधी त्याला हलकेच बाजूला घेऊन विचारावे, चारचौघांत नव्हे.) त्यानंतर खास मराठी प्रश्न उभा राहतो. मुले कधी ‘निळा’ म्हणतात, कधी ‘निळं’. मनात ‘रंग’ असेल तर एक, ‘अक्षर’ असेल तर दुसरे. ‘लाल’ मात्र तसाच राहतो. ‘निळं’ ही चूक मोजायची का? आमच्या मते मोजू नये. परंतु चिपळूणच्या वर्गाने ती मोजली आणि गुहागरच्या वर्गाने मोजली नाही, तर दोन वर्गांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ उरत नाही.

अंक लक्षात ठेवण्याच्या प्रयोगातही हेच. जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखापासून ‘सात, दोन कमी किंवा दोन जास्त’ हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. पण एलिस आणि हेनेली यांनी १९८० मध्ये दाखवले की वेल्श भाषेत अंकांची नावे उच्चारायला इंग्रजीपेक्षा अधिक वेळ लागतो आणि त्यामुळे दोन्ही भाषा येणाऱ्यांनाही वेल्शमधून कमी अंक लक्षात राहतात. आपली मुले मोबाइलचे नंबर पुष्कळदा इंग्रजीतून पाठ करतात, गणित मराठीतून करतात. आपण अंक मराठीत वाचले आणि मुलाने मनातल्या मनात इंग्रजीत घोकले, तर आपण नेमके काय मोजले?

या अडचणी नव्या नाहीत. पॅरिसला बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची चाचणी केली, अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. ही चाचणी आपल्या मुलांना जशीच्या तशी लावता येणार नाही हे ओळखून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशके वापरात राहिली. रूपांतर म्हणजे शब्दाला शब्द नव्हे. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलांना सुटतो हे इथल्या मुलांवर पुन्हा पाहावे लागते, कारण तिकडे सहाव्या वर्षी सोपा असलेला प्रश्न इथे आठव्या वर्षाचा ठरू शकतो. कामतांनी दोन भाषांसाठी केले ते शास्त्रीय प्रमाणीकरणाचे काम होते. आपल्या वर्गातल्या प्रात्यक्षिकाला तेवढ्या खटाटोपाची गरज नाही. तत्त्व मात्र तेच.

मग दुसऱ्या कॉलेजला साहित्य देताना काय द्यायचे? नुसती यादी दिली तर घेणाऱ्याच्या हाती अर्धेच येते. सोबत एक पानभर टिपण हवे: यादी कशी बांधली, कोणत्या वर्गावर वापरली, सूचना कोणत्या शब्दांत दिल्या, शब्द किती वेगाने वाचले, काय मोजले आणि काय सोडून दिले. फसलेला प्रयत्नही लिहावा. हे लिहायला आपला हात कचरतो. फसलेले लिहिले तर लोक काय म्हणतील ही भीती शिक्षकालाही असतेच. पण ‘झोपाळा’ का काढला हे एका ओळीत लिहिले असेल, तर धोपाव्याच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून दापोलीला गेलेल्या त्या फायलीतून पुढच्या शिक्षकाचा एक तास वाचेल. त्याने त्यावर आपली भर घालून फाइल परत पाठवावी. तारीख मात्र प्रत्येक नोंदीवर हवी.

तारखेचा आग्रह धरण्याचे कारण असे, की वाटून घेतलेल्या साहित्याबरोबर चुकाही वाटल्या जातात. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. अडतीस शेजारी खिडकीतून पाहत राहिले, कोणीही पोलिसांना कळवले नाही, ही कथा वर्षानुवर्षे वर्गावर्गांत सांगितली गेली. मॅनिंग, लेव्हाइन आणि कॉलिन्स यांनी २००७ मध्ये कागदपत्रे तपासून दाखवले की या कथेला पुरेसा पुरावा नाही; आणि ज्या वृत्तपत्राने ती प्रथम छापली त्यानेही २०१६ मध्ये आपले वृत्त सदोष असल्याचे मान्य केले. गर्दीत मदतीला कोण धावते यावरचे डार्ली व लाताने यांचे १९६८ चे प्रयोग स्वतंत्र आहेत, ते यामुळे बाद होत नाहीत. परंतु अडतीस जणांची गोष्ट आजही कित्येक नोट्समध्ये तशीच सापडते. आम्हीही ती एकेकाळी रंगवून सांगितली आहे.

काही साहित्य मात्र वाटू नये. बुद्धिमत्ता किंवा व्यक्तिमत्त्व मापनाच्या प्रमाणित चाचण्यांतले प्रश्न आधी माहीत असले की ती चाचणी निकामी होते. आणि तिच्या आधारे ज्या मुलाला मदत मिळायची, त्याचे नुकसान होते. २००९ मध्ये रोर्शाक यांच्या शाईच्या डागांची दहाही चित्रे विकिपीडियावर प्रसिद्ध झाली, तेव्हा यावरून मोठा वाद झाला. चित्रे १९२१ ची, कर्त्याचा मृत्यू १९२२ चा. कायद्याने ती खुली झाली होती. तरीही अनेक मानसशास्त्रज्ञांना ते पटले नाही. कायद्याने चालते ते सर्व वर्गात आणावे असे नाही. उलट बाजूला, अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भागांच्या छायाप्रती काढण्याची भीती काही शिक्षकांना वाटते. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाचा दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानासंबंधीचा २०१६ चा निकाल पाहावा. अध्यापनासाठी अशा प्रतींना त्यात मोकळीक दिली आहे. आणि आपण स्वतः बांधलेल्या यादीवर तर कोणाचीच हरकत असणार नाही.

परदेशी संग्रहात कधीच सापडणार नाहीत असे प्रयोगही आपल्याकडे आहेत. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ असे वाचन आले आणि राज्यभर वाद झाला. पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी येतो. दोन-अंकी संख्या भरभर सांगून लिहायला लावल्या तर ५२ कितीदा उमटते, ‘वीस पाच’ म्हटल्यावर किती कमी होते, हे बारावीचा विद्यार्थी प्राथमिक शाळेच्या परवानगीने पाहू शकतो. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथे मुलांच्या अशा चुकांचा अभ्यास झाला आहे. त्यामुळे ताडून पाहायलाही काही हाताशी आहे.

सुरुवात करायची तर ‘समुद्र’ या शब्दापासून करता येईल. गुहागरच्या वर्गात लाट, वाळू, होडी, जाळे, भरती यांच्याबरोबर पुळण आणि सुरूची झाडेही येतील असा आमचा अंदाज आहे. हाच शब्द जालन्याच्या किंवा बीडच्या वर्गाला दिला, ज्यातल्या अनेकांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला नसेल, तर काय येईल? दोन्ही कॉलेजांनी तीस-तीस कागद गोळा करून एकमेकांना पाठवावेत. कागदावर मुलाचे नाव नको. गाव, वय आणि घरी बोलतात ती बोली मात्र हवी.