फाट्यापासून उंबऱ्यापर्यंत

घराच्या पत्त्याकडून दोन कामांची अपेक्षा असते. पहिले काम दफ्तरातले असते: कर कोणाकडून घ्यायचा, मतदार कुठे राहतो, वारसाची नोंद कोणत्या मिळकतीवर करायची, हे त्यावरून ठरते. दुसरे काम रस्त्यावरचे असते. ज्याने ते घर कधीच पाहिलेले नाही अशा माणसाला, मग तो पार्सल घेऊन आलेला पोरगा असो, सोयरिकीसाठी निघालेले पाहुणे असोत वा रुग्णवाहिकेचा चालक असो, त्याने थेट उंबऱ्यापर्यंत आणून सोडायचे असते. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात पहिल्या कामाची व्यवस्था जुनी आणि बऱ्यापैकी चोख आहे. दुसरे काम मात्र आजही बहुधा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर चौकशी करूनच पार पडते.

खेड्यातील जुन्या घराची चौकट पाहिली, तर या विसंगतीचा उलगडा होतो. ‘नमुना ८’ या ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतला मिळकत क्रमांक, जनगणनेच्या प्रगणकाने टाकलेला क्रमांक, आणि पल्स पोलिओच्या फेरीत खडूने काढलेले ‘पी’ (सर्व बालकांना डोस मिळाला) किंवा ‘एक्स’ (कोणाचा तरी राहिला) हे अक्षर, अशा खुणा एकाच लाकडावर शेजारी शेजारी नांदतात, पण एकमेकींशी जुळत नाहीत, कारण प्रत्येक खात्याने घरे आपापल्या सोयीने मोजलेली असतात. यात काही नवल नाही. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या राजवटीत १७७० च्या सुमारास व्हिएन्ना व परिसरातील घरांवर क्रमांक आले, तेही सैन्यभरतीसाठी. पाहुण्यांची सोय हा त्यामागचा हेतू नव्हता. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले, परंतु ती मोजणी गावठाणाची, म्हणजे गावातील पूर्वापार वस्तीसाठी राखलेल्या जागेची आहे. शेतात, गट नंबरावर बांधलेली घरे तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि सापडायला अवघड असतात ती नेमकी हीच घरे.

गाव सापडेपर्यंतची अडचण टपाल खात्याने पूर्वीच सोडवली आहे. पाटोदा नावाचे एक गाव नाशिक जिल्ह्यात येवला तालुक्यात आहे, दुसरे छत्रपती संभाजीनगरजवळ आहे आणि ग्रामविकासाच्या कामांमुळे ते आदर्श गाव म्हणून राज्यभर ओळखले जाते. त्यामुळे नुसते ‘मु. पो. पाटोदा’ लिहिलेले पाकीट कुठेही जाऊ शकते. (मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे टपाल कार्यालय. गावात टपाल कार्यालय नसेल तर दोन्हींपुढे वेगवेगळी नावे लिहावी लागतात, आणि इथेच निम्म्या लोकांची गल्लत होते.) सारखी गावनावे, अनेक लिप्या आणि चुकीचे लेखन या गोंधळावर उपाय म्हणून, संस्कृत कवी म्हणूनही परिचित असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने सहा अंकी पिनकोडची रचना केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. पाटोद्याचा पिनकोड ४१४२०४ आहे. त्यातील पहिले तीन अंक टपालाची विभागणी कोणत्या जिल्ह्यात होते ते सांगतात, तर शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय दाखवतात. ४१४ ही मालिका प्रामुख्याने अहिल्यानगरकडची आहे आणि बीड शहराचा क्रमांक मात्र ४३११२२ आहे. म्हणून ‘जिल्हा बीड’ पाहून पिनकोड चुकला असावा असे समजणाऱ्या, आणि मोठ्या आत्मविश्वासाने तो ‘दुरुस्त’ करणाऱ्या, बाहेरगावच्या माणसाला आवरावे लागते.

पिनकोडचे काम टपाल कार्यालयाच्या दारात संपते, कारण एका क्रमांकाखाली अनेक गावे आणि त्यांच्या वाड्या-वस्त्या येतात. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, सौताड्याला धबधबा दरीत कोसळतो, आणि माळ, ओढे व घाट यांनी चिरलेल्या या मुलखात शेतकरी आपापल्या विहिरीजवळ घर बांधून राहिलेला आहे. अशा दोन-चार घरांच्या समूहाला वस्ती म्हणतात, आणि तिला बहुधा तिथे राहणाऱ्या कुटुंबाचे आडनाव लागते. साहजिकच एकाच आडनावाच्या दोन वस्त्या एकाच शिवारात, ओढ्याच्या दोन अंगांना असू शकतात. गावकरी त्यांना ‘वरली’ आणि ‘खालली’ म्हणून ओळखतो. नवख्याला वरचे कोणते आणि खालचे कोणते, हे जमिनीचा उतार पाहून कळणे अवघड जाते.

मोबाइलवरून ‘लोकेशन’ पाठवल्याने हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण तो अर्धाच सुटतो. फोन उपग्रहांच्या संदेशांवरून अक्षांश-रेखांश काढतो आणि मोकळ्या आभाळाखाली त्याची चूक काही मीटरच असते. पत्र्याच्या छपराखाली, खाटेवर बसून तोच फोन मोबाइल मनोऱ्यांच्या आधाराने अंदाज बांधतो, तेव्हा ती शेकडो मीटरपर्यंतही जाऊ शकते. म्हणून अंगणात येऊन, नकाशावरील निळ्या ठिपक्याभोवतीचे वर्तुळ आकसेपर्यंत थांबून मगच खूण पाठवावी. त्याहून मोठी अडचण वाटेची आहे. नकाशाला बिंदू कळतो, पण त्याच्याकडे नोंद असलेल्याच रस्त्यांवरून तो माणसाला नेतो. पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी वहिवाटीची वाट, त्याच्या लेखी नसेल तर तो ओढ्यापलीकडच्या डांबरी रस्त्यावर गाडी उभी करतो आणि ‘आपण पोहोचला आहात’ असे जाहीर करतो. घर समोर दिसत असते, मध्ये पाणी असते. उलट नकाशात असलेली पाणंद कोणी नांगरून किंवा काट्या टाकून बंद केलेली असू शकते, आणि ते भांडण मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांपुढे चालू असल्याचे नकाशाला ठाऊक नसते.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन याच संदर्भात समजून घ्यावा लागेल. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने तयार केलेल्या या पद्धतीत देशाचा नकाशा सोळा चौकोनांत, त्यातील प्रत्येक चौकोन पुन्हा सोळांत, असा दहा वेळा विभागलेला आहे; प्रत्येक टप्प्याला एक अंक किंवा अक्षर मिळते आणि दहाव्या टप्प्याला चौकोनाची बाजू सुमारे चार मीटर उरते, म्हणजे एका खोलीएवढी. पाटोदा आणि बीड या दोन्ही ठिकाणांचे संकेतांक ‘४’ आणि ‘सी’ यांनी सुरू होतात. सहाव्या टप्प्यावर चौकोनाची बाजू एक किलोमीटरच्या आत येते. हा संकेतांक तोंडी सांगता येतो, कागदावर लिहिता येतो आणि घराचा मालक बदलला तरी बदलत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण तोही बिंदूच आहे. ओढा कुठून ओलांडायचा हे त्यात लिहिलेले नाही.

वाटेचा हिशेब ठेवणारी पद्धत न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात आहे. तिथे घराचा क्रमांक म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर दहा मीटरच्या पटीत मोजलेले असते, आणि रस्त्याच्या एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक येतात. २४७ क्रमांकाचे घर सुरुवातीपासून जवळपास अडीच किलोमीटरवर आहे हे नवख्यालाही गाडीच्या मीटरवरून कळते. शेतवस्तीसाठी याहून सुटसुटीत कल्पना सुचणे कठीण आहे. पाटोद्यात असे क्रमांक नसले, तरी त्यातले तत्त्व उचलण्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही. उदाहरणार्थ, पत्त्याखाली असे लिहिता येईल: ‘बसस्टँडपासून सौताड्याच्या दिशेने, अमुक फाट्यावर डावीकडे, तिथून १.४ किलोमीटरवर फरशी पूल, पूल ओलांडल्यावर उजव्या हाताला डीपी, तिच्यासमोरच्या पाणंदीने ३०० मीटर, निळे गेट.’ डीपी म्हणजे विजेचे रोहित्र. खुणेसाठी ते उत्तम, कारण ते सहसा जागा सोडत नाही आणि दुरून दिसते. लिंबाचे झाड, दुकानाची पाटी, उभे उसाचे पीक या खुणा मात्र फसव्या असतात. ‘शेजारी’ आणि ‘मागे’ हे शब्दही टाळलेले बरे, कारण मागची बाजू कोणती हे माणूस कुठून आला त्यावर अवलंबून असते. सूचना येणाऱ्याच्या दिशेने लिहायची. जामखेडकडून येणाऱ्यासाठी वेगळी, बीडकडून येणाऱ्यासाठी वेगळी.

लिहिलेल्या सूचनेच्या जोडीला वाटेवर पाटीही हवी, पण तिच्यासाठी मोठ्या फलकाची गरज नसते. फाट्यावर आणि पाणंदीच्या तोंडाशी, गाडीच्या दिव्यात चमकेल अशा पट्टीवर, वस्तीचे नाव व बाण पुरतो. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या रुग्णवाहिकेला रात्री याचा जो उपयोग होतो, त्यापुढे पार्सलची सोय किरकोळच म्हणावी लागेल. पाटीवर कोणते नाव लिहायचे, हाही प्रश्न येतो. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. मात्र जिथे नाव बदलले तिथे नवे नाव रेशनकार्ड, टपाल आणि पाटी या तिन्हींवर एकाच वेळी न आल्यास, काही वर्षे एकाच वस्तीला दोन पत्ते राहतात.

या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दसऱ्यानंतर तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या काळात घरी म्हातारी माणसे, कधी शाळेत जाणारी मुले असतात, आणि बँकेत, दवाखान्यात, दुकानात नोंदवलेला मोबाइल मात्र कारखान्याच्या फडावर असतो. औषध पोहोचवणाऱ्याने त्या क्रमांकावर लोकेशन मागितले आणि पलीकडून ‘सध्याचे ठिकाण’ पाठवले गेले, तर ते फडावरच्या कोपीचे, म्हणजे झोपडीचे असते, घराचे नव्हे. गाडीत बसण्यापूर्वी घराच्या अंगणातली खूण फोनमध्ये साठवून ठेवणे, डिजिपिनचा संकेतांक चौकटीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिणे, आणि दुसरा संपर्क क्रमांक फाट्यावरच्या एखाद्या ओळखीच्या दुकानदाराचा, त्याला विचारून, देणे, एवढी तयारी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतानाच उरकून घेता येते.